वाचकांचे प्रश्न : उघड्या सिलिंडरांचे इंजिन

गेल्या अंकात चार्ल्स लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ या विमानाचे छायाचित्र छापले होते. मे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून निघून वाटेत कोठेही न उतरता पॅरिसला पोहोचलेले ते हे विमान. त्याच्या नाकाभोवती गोलाकार मांडलेले नऊ सिलिंडर अगदी उघडे दिसतात, आणि या वेळी सर्वांत जास्त पत्रे त्या नऊ सिलिंडरांविषयीच आली आहेत. बहुतेकांना एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारायची आहे : पाणी नाही, रेडिएटर नाही, तर मग एवढे तापणारे यंत्र साडेतेहतीस तास सलग चालले कसे? म्हणून या अंकातील सगळी जागा या एकाच इंजिनाला आणि त्याच्या पूर्वजांना दिली आहे.

प्रश्न : सिलिंडर असे चाकाच्या आऱ्यांसारखे मांडण्यात फायदा काय? ते नेहमी पाच, सात, नऊ असे विषम संख्येतच का असतात?

उत्तर : या रचनेला रेडियल इंजिन म्हणतात, मराठी तांत्रिक लेखनात ‘अरीय इंजिन’ असाही शब्द आढळतो. हवेने थंड करायच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला ताजी, गार हवा मिळणे आवश्यक असते. सिलिंडर एकामागे एक रांगेत उभे केले, तर पुढच्याने तापवलेली हवा मागच्याच्या वाट्याला येते आणि शेवटचा सिलिंडर सर्वांत आधी बिघडतो. वर्तुळात मांडले, तर सगळेच सिलिंडर विमानाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतासमोर उभे राहतात आणि कोणीही कोणाच्या आड येत नाही.

दुसरा फायदा वजनाचा आहे. रांगेतल्या इंजिनात लांब क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांच्या (पिस्टनच्या) जोराने फिरून पंखा फिरवणारी दांडी, आणि ती पेलणारी तितकीच लांब, मजबूत पेटी लागते. रेडियल इंजिनात नऊही दट्ट्यांचा जोर क्रँकच्या एकाच खुंटीवर येतो. एक मुख्य संयोगदांडा त्या खुंटीला धरून असतो आणि बाकीचे आठ दांडे त्याच्या जाड टोकाभोवती बिजागरीसारखे जोडलेले असतात. त्यामुळे क्रँकशाफ्ट आखूड होते, पेटी डब्याएवढी छोटी होते आणि कित्येक किलो धातू वाचतो.

विषम संख्येचे कारण निव्वळ हिशेबाचे आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात, म्हणजे ज्याला आपण फोर-स्ट्रोक म्हणतो त्यात, प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. नऊ सिलिंडर असतील, तर ते १, ३, ५, ७, ९ आणि मग २, ४, ६, ८ या क्रमाने पेटतात व पुन्हा १ ची पाळी येते. दर वेळी एक सिलिंडर सोडून पुढचा पेटतो, दोन स्फोटांमधले अंतर नेहमी ८० अंश राहते आणि फिरण्याची लय तुटत नाही. हेच आठ सिलिंडरांनी करून पाहा : १, ३, ५, ७ झाल्यावर पुन्हा १ येतो आणि सम क्रमांकांचे सिलिंडर तसेच राहून जातात, त्यांना पाळी द्यायची, तर मध्येच उडी मारावी लागते व इंजिनाला धक्का बसतो. चौदा सिलिंडरांची रेडियल इंजिने असतात हे खरे, पण ती सात-सातच्या दोन रांगांची असतात.

प्रश्न : या इंजिनाचा शोध कोणी लावला?

उत्तर : एका माणसाचे नाव घेता येणार नाही. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांच्या विमानासाठी चार्ल्स मॅनली यांनी पाच सिलिंडरांचे रेडियल इंजिन तयार केले होते आणि १९०३ च्या आधीच ते ५२ अश्वशक्ती देत होते. राईट बंधूंच्या पहिल्या विमानाचे इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे मॅनली यांची कामगिरी केवढी मोठी होती ते कळते. लँग्ली यांचे विमान ऑक्टोबर आणि डिसेंबर १९०३ मध्ये दोन्ही वेळा नदीत कोसळले आणि त्याबरोबर हे उत्तम इंजिनही विस्मरणात गेले. मात्र मॅनली यांचे इंजिन पाण्याने थंड होणारे होते, त्यामुळे आपल्या प्रश्नाशी त्याचे नाते मांडणीपुरतेच आहे.

हवेने थंड होणाऱ्या शाखेचा आरंभ पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या आलेस्सांद्रो अंझानी या इटालियन कारागिराच्या कामातून झाला, असे म्हणणे मला योग्य वाटते. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ यांनी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली, ती अंझानी यांच्या तीन सिलिंडरांच्या, सुमारे २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर. हे पूर्ण रेडियल नव्हते. तिन्ही सिलिंडर वरच्या बाजूला उघडलेल्या घडीच्या पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले होते. सिलिंडरच्या तळाशी भोके पाडलेली असत, म्हणजे दट्ट्या खाली आला की तापलेला वायू त्या भोकांतून लगेच बाहेर पडे. इंजिन त्यामुळे थोडे गार राहत असे, पण प्रत्येक फेरीला धूर आणि तेलाचे तुषार मागे बसलेल्या वैमानिकाच्या अंगावर उडत. ब्लेरिओ यांचे उड्डाण सुमारे ३७ मिनिटांचे होते आणि तेवढ्या वेळातही इंजिन तापू लागले होते. वाटेत आलेल्या पावसाच्या सरीने ते वाचवले, अशी हकिगत तेव्हापासून सांगितली जाते. अंझानी यांनी पुढे तीन सिलिंडर समान अंतरावर मांडून खरे रेडियल इंजिन केले आणि तीन-तीनच्या दोन रांगा जोडून सहा सिलिंडरांचेही केले.

ही इंजिने चालत, उडत, पण फार वेळ टिकत नसत. मांडणीचा प्रश्न १९१० च्या सुमारास सुटला होता आणि उष्णतेचा प्रश्न तसाच उभा होता. पुढची पंधरा वर्षे याच एका प्रश्नात गेली.

प्रश्न : पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांचे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरत असत, असे वाचले आहे. ते आणि रेडियल इंजिन एकच का?

उत्तर : थांबलेल्या स्थितीत दोन्ही अगदी सारखी दिसतात, त्यामुळे हा गोंधळ नेहमी होतो. आपण म्हणता ते रोटरी इंजिन. त्यात क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेली असते आणि सगळे सिलिंडर व त्यांची पेटी पंख्यासकट तिच्याभोवती फिरते. फ्रान्समधील सेगँ बंधूंच्या ‘नोम’ इंजिनाने १९०९ च्या सुमारास ही पद्धत यशस्वी करून दाखवली. उष्णतेच्या प्रश्नावर हा अतिशय चतुर उपाय होता, कारण सिलिंडर स्वतःच हवेत भोवंडत असल्यामुळे विमान जमिनीवर उभे असले तरी ते गार राहत.

त्याची किंमतही मोजावी लागे. एवढे जड चक्र फिरत असल्यामुळे विमान वळवताना ते भलत्याच दिशेला ओढ घेई. वंगणासाठी एरंडेल लागे. पेट्रोलमध्ये ते लवकर विरघळत नाही म्हणून ते वापरत, आणि एकदा इंजिनातून गेलेले तेल परत न येता वाऱ्यावर उडून जाई. शिवाय सिलिंडर हवा कापत फिरत असल्यामुळे शक्तीचा मोठा वाटा त्यातच खर्च होई. फेऱ्यांचा वेग वाढवावा तर हा खर्च त्याहून वेगाने वाढे आणि सिलिंडर उपटून काढू पाहणारा ताणही वाढे. युद्ध संपेपर्यंत या पद्धतीची मजल संपली होती. सिलिंडर स्थिर ठेवूनच ते थंड करता आले पाहिजेत, हे सगळ्यांना कळून चुकले होते.

प्रश्न : लिंडबर्ग यांच्या विमानातील इंजिन ‘राईट व्हर्लविंड’ होते. ते राईट बंधूंनी बनवले होते का?

उत्तर : नाही. नाव राईट यांच्या परंपरेतील कंपनीचे आहे, पण इंजिनाचा उगम दुसरीकडे आहे. ही हकिगत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

चार्ल्स लॅनियर लॉरन्स हे अमेरिकेतील येल विद्यापीठात शिकले आणि नंतर पॅरिसमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेत असताना इंजिनांकडे वळले. युद्धकाळात त्यांच्या लहानशा कंपनीने दोन सिलिंडरांची हलकी इंजिने बनवली आणि नंतर तीन सिलिंडरांचे सुमारे ६० अश्वशक्तीचे रेडियल इंजिन तयार केले. त्या वेळी अमेरिकेच्या नौदलापुढे एक अगदी व्यावहारिक अडचण होती. विमानवाहू जहाजाचा प्रयोग सुरू झाला होता. ‘लँग्ली’ हे त्यांचे पहिले विमानवाहू जहाज मार्च १९२२ मध्ये सेवेत आले. आखूड धावपट्टीवरून उडायचे आणि तिच्यावरच अडकवून उतरायचे, तर विमानाचा प्रत्येक किलो महत्त्वाचा ठरतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाबरोबर रेडिएटर, नळ्या, पंप आणि पाणी एवढे सगळे वाहून न्यावे लागते. समुद्रावर एखादी नळी गळू लागली, तर काही मिनिटांत इंजिन जळते आणि खाली उतरायला जमीन नसते.

म्हणून नौदलाच्या विमान विभागाने लॉरन्स यांना तीनच्या जागी नऊ सिलिंडरांचे इंजिन करण्यास पाठबळ दिले. विभागप्रमुख रिअर अ‍ॅडमिरल विल्यम मॉफेट होते आणि इंजिनांचे काम पाहणारे ब्रूस लेटन हे अधिकारी या कल्पनेच्या मागे खंबीरपणे उभे होते. लॉरन्स ‘जे-१’ हे २०० अश्वशक्तीचे इंजिन १९२२ मध्ये सलग ५० तासांच्या चाचणीत उतरले. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण हवेने थंड होणाऱ्या स्थिर रेडियल इंजिनाने पूर्ण जोरावर एवढा काळ टिकून दाखवणे, ही तेव्हा मोठी गोष्ट होती. जहाजावरून उडण्यासाठीच आखलेल्या ‘टीएस-१’ या नौदलाच्या लहान लढाऊ विमानात हेच इंजिन बसवले गेले.

अडचण अशी, की लॉरन्स यांची कंपनी फारच लहान होती आणि मोठ्या संख्येने इंजिने बनवणे तिच्या आवाक्याबाहेर होते. मोठ्या कंपन्यांना मात्र पाण्याच्या इंजिनांवर चांगला नफा मिळत होता, त्यामुळे त्यांना नव्या वाटेने जाण्याची गरज वाटत नव्हती. राईट एरोनॉटिकल ही त्यांतलीच एक. नौदलाने तिला स्पष्ट कळवले, की तिच्या पाण्याच्या इंजिनांची पुढची खरेदी होणार नाही. अखेर १९२३ मध्ये राईट कंपनीने लॉरन्स यांची कंपनी विकत घेतली, लॉरन्स तिचे उपाध्यक्ष झाले आणि त्यांच्या इंजिनाची पुढची सुधारित आवृत्ती ‘व्हर्लविंड’ म्हणजे वावटळ या नावाने बाजारात आली. चांगली कल्पना आणि सक्षम कारखाना यांची गाठ अशी ग्राहकाने आग्रहाने घालून दिल्याचे उदाहरण यंत्रांच्या इतिहासात क्वचितच सापडते. लॉरन्स यांच्याइतकेच श्रेय मी लेटन यांच्या चिकाटीला देईन.

प्रश्न : हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकली तर आधीपासून होत्या. मग विमानाच्या इंजिनातच एवढी अडचण कोठे होती?

उत्तर : हा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवतो. मोटारसायकलचा सिलिंडर लहान असतो आणि तिचे इंजिन पूर्ण जोरात फार वेळ चालत नाही. विमानाचे इंजिन तासन्‌तास मोठ्या जोरावर चालवावे लागते आणि सिलिंडर मोठा होतो. सिलिंडर मोठा केला, की आत जळणाऱ्या मिश्रणाचे आकारमान जेवढ्या पटीने वाढते तेवढ्या पटीने बाहेरचा पृष्ठभाग वाढत नाही. म्हणजे उष्णता जास्त आणि ती सोडायला जागा कमी. बाहेर पातळ कड्या, म्हणजे फिन, काढून पृष्ठभाग वाढवता येतो, पण उष्णता त्या कड्यांपर्यंत पोहोचली तरच त्यांचा उपयोग.

ही गोष्ट दुर्लक्षित केली तर काय होते, याचा धडा ब्रिटनने १९१८ मध्ये घेतला. ग्रॅनव्हिल ब्रॅडशॉ यांच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ या नऊ सिलिंडरांच्या रेडियल इंजिनावर सरकारचा इतका विश्वास बसला, की चाचण्या पुऱ्या होण्याआधीच अकरा हजारांहून अधिक इंजिनांची मागणी अनेक कारखान्यांकडे नोंदवली गेली. प्रत्यक्षात ते ठरल्यापेक्षा जड आणि कमी शक्तीचे निघाले, त्याचे सिलिंडर बेसुमार तापत आणि नेमक्या नेहमीच्या वेगावर त्याची क्रँकशाफ्ट इतकी थरथरे, की काही तासांत मोडे. युद्ध संपले म्हणून ब्रिटनच्या विमानदलाला या इंजिनाच्या भरवशावर लढावे लागले नाही.

त्याच काळात फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात प्राध्यापक ए. एच. गिब्सन आणि त्यांचे तरुण सहकारी सॅम हेरॉन हे एकेकट्या सिलिंडरवर शांतपणे प्रयोग करत होते. उष्णता कोठे तयार होते, कोणत्या वाटेने जाते आणि कोठे अडते, हे त्यांनी मोजून पाहिले. त्यांच्या कामातून सिलिंडरची जी घडण निघाली, ती पुढे साऱ्या जगाने स्वीकारली : खालची नळी पोलादाची, कारण दट्ट्याचे घर्षण तिने सोसायचे असते, आणि वरचे डोके अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचे, कारण लोखंडाच्या मानाने अ‍ॅल्युमिनियम कित्येक पट जलद उष्णता वाहून नेते. ते डोके तापवून पोलादी नळीवर आट्यांनी घट्ट चढवायचे, म्हणजे निवल्यावर ते आक्रसून नळीला असे आवळते, की दोन धातूंमध्ये उष्णता अडवणारी फट राहत नाही.

राहिली ती धुराची झडप, आणि सगळ्यात अवघड जागा तीच. प्रत्येक फेरीला तिच्या चकतीभोवतून जळता वायू बाहेर पडतो, त्यामुळे ती लालबुंद होते. तिच्यातली उष्णता बाहेर पडायला दोनच वाटा आहेत. एक, झडप मिटलेली असताना तिची कड ज्या बैठकीवर टेकते ती. दुसरी, तिची बारीक दांडी. झडप नीट मिटली नाही तर पहिली वाट बंद होते, कड जळते, आणि जळलेली कड पुढे कधीच नीट मिटत नाही. हेरॉन १९२१ मध्ये अमेरिकेला गेले आणि ओहायोतील मॅक्‌कुक फील्ड या सैन्याच्या प्रयोगकेंद्रात त्यांनी या झडपेचा पिच्छा पुरवला. त्यांनी दांडी पोकळ केली आणि तिच्यात आधी क्षारांचे मिश्रण व पुढे सोडियम धातू अर्ध्यापर्यंत भरला. सोडियम ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणजे इंजिन तापले की तो दांडीत पाण्यासारखा पातळ होतो. झडप सेकंदाला कित्येक वेळा वरखाली आपटत असते. तिच्याबरोबर हा द्रव चकतीपासून दांडीच्या टोकापर्यंत हेलकावे खातो आणि प्रत्येक हेलकाव्याला चकतीतली उष्णता उचलून थंड टोकाला नेऊन ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही; एक साधी पोलादी दांडी दिसते. मला मात्र या सबंध इतिहासात ही पोकळ दांडी सर्वांत सुंदर वाटते.

हेरॉन पुढे राईट कंपनीत आले. ‘व्हर्लविंड’च्या ‘जे-५’ या आवृत्तीचे सिलिंडर मॅक्‌कुक फील्डमधल्या याच अभ्यासावर नव्याने आखले गेले. दोन झडपांमधले अंतर वाढवले, त्यामुळे मधल्या जागेतून थंड हवा खेळू लागली. आधी उघडे असलेले रॉकर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या तरफा, आणि त्यांना ढकलणारे पुशरॉड झाकले गेले, त्यामुळे धूळ आत जाईनाशी झाली. सुमारे १३ लिटर क्षमतेचे हे इंजिन २२० अश्वशक्ती देई आणि त्याचे वजन २३० किलोच्या आसपास होते.

प्रश्न : लिंडबर्ग यांच्यासाठी खास निवडलेले किंवा खास बनवलेले इंजिन दिले होते का?

उत्तर : इंजिन नेहमीच्या उत्पादनातले ‘जे-५’च होते. त्याच्या जोडीदारांची कामगिरी पाहिली, की हे पटते. एप्रिल १९२७ मध्ये क्लॅरेन्स चेंबरलिन आणि बर्ट अकोस्टा यांनी बेलांका विमानात अशाच एका इंजिनावर ५१ तासांहून अधिक काळ हवेत राहून विक्रम केला. लिंडबर्ग पॅरिसला पोहोचल्यानंतर सुमारे पंधरवड्याने चेंबरलिन त्याच विमानातून अटलांटिक ओलांडून जर्मनीतील आइसलेबेनजवळ उतरले. १९२८ मध्ये चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियातून पॅसिफिक ओलांडून ब्रिस्बेनला पोहोचले, तेव्हा त्यांच्या फोकर विमानात अशी तीन इंजिने होती.

लिंडबर्ग यांच्या इंजिनात एक छोटा बदल मात्र झाला होता, आणि तो त्यांच्या अनुभवातून आला. सॅन डिएगोहून पूर्वेला येताना रात्री डोंगराळ प्रदेशावर त्यांचे इंजिन खोकल्यासारखे अडखळू लागले. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरमधली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातली, हवा गोठणबिंदूच्या खाली जाते आणि दमट हवेतील बाष्पाचा बर्फ तोंडाशी साचतो. हे त्याचे कारण. म्हणून न्यूयॉर्कमध्ये कार्ब्युरेटरकडे जाणारी हवा आधी गरम करणारी जोडणी बसवण्यात आली. अतिउष्णतेवर पंधरा वर्षे झुंज देऊन तयार झालेल्या इंजिनाला शेवटी थंडीपासून सांभाळावे लागले.

२० मे १९२७ रोजी निघताना विमानात सुमारे १,७०० लिटर पेट्रोल होते. साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरताना त्यातले ३२० लिटरच्या आसपास शिल्लक होते. म्हणजे तासाला सुमारे ४१ लिटर खर्च. मिनिटाला सरासरी १,६०० फेऱ्या धरल्या, तर त्या प्रवासात क्रँकशाफ्ट ३२ लाखांहून अधिक वेळा फिरली आणि नऊ सिलिंडरांत मिळून सुमारे १ कोटी ४४ लाख स्फोट झाले. त्या प्रत्येक स्फोटानंतर एक तापलेली झडप उघडली आणि न जळता पुन्हा मिटली. १९२७ चे कॉलियर पारितोषिक, जे अमेरिकेत विमानविद्येतील त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या कामगिरीला दिले जाते, लॉरन्स यांना मिळाले.

प्रश्न : पुढच्या काळातील विमानांत सिलिंडर असे उघडे दिसत नाहीत. ते झाकल्यावर तापत कसे नाहीत?

उत्तर : उघडे सिलिंडर हवेला फार मोठा अडथळा करतात. अमेरिकेतील लँग्ली प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७-२८ मध्ये मोठ्या वायुबोगद्यात खरेखुरे ‘जे-५’ इंजिन ठेवून त्यावर निरनिराळी आवरणे चढवून पाहिली. त्यांना आढळले, की पुढून गोलाई दिलेले नीट आखलेले आवरण अडथळा तर कमी करतेच, पण आत आलेली हवा सैरावैरा न जाऊ देता नेमकी फिनांच्या मधून वळवते. त्यामुळे कमी हवेत तेवढाच गारवा मिळतो. कर्टिस ‘एटी-५ए’ या विमानावर असे आवरण बसवल्यावर त्याचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला, आणि तोही इंजिनाला हात न लावता.

प्रश्न : जुन्या विमानांचे इंजिन सुरू करण्याआधी मेकॅनिक पंखा हाताने अनेक वेळा फिरवताना दिसतात. तो फक्त जुना प्रघात आहे का?

उत्तर : प्रघात नाही, गरज आहे. रेडियल इंजिनाचे खालचे दोन-तीन सिलिंडर उलटे लटकलेले असतात, म्हणजे त्यांची डोकी जमिनीकडे असतात. इंजिन काही तास बंद राहिले, की पेटीतले तेल हळूहळू दट्ट्यांच्या कड्यांवरून झिरपून या सिलिंडरांत उतरते आणि झडपांजवळ साचते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. अशा स्थितीत यंत्राने झटका देऊन इंजिन सुरू केले, तर डोक्याकडे येणारा दट्ट्या त्या तेलावर दगडावर आदळावा तसा आदळतो. संयोगदांडा वाकतो किंवा सिलिंडरचे डोके उडते. म्हणून पंखा आधी सावकाश हाताने फिरवतात. तो कुठे एकदम अडला, तर जोर करायचा नाही, आणि उलटाही फिरवायचा नाही. कारण उलटा फिरवल्यास तेल आत येणाऱ्या नळीत जाऊन बसते व इंजिन सुरू होताच परत सिलिंडरात येते. खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचे आणि मगच पुढे जायचे.

‘व्हर्लविंड’ कुळातील पुढच्या पिढीचे नऊ सिलिंडरांचे ‘आर-९७५’ हे इंजिन दुसऱ्या महायुद्धात काँटिनेंटल कंपनीने परवान्यावर हजारोंच्या संख्येने बनवले, ते विमानांपेक्षा जास्त अमेरिकन शर्मन रणगाड्यांसाठी. तेथे विमानासारखा पंखा नव्हता, हवेचा झोत इंजिनाला जोडलेल्या मोठ्या फॅनने निर्माण करावा लागे. खालच्या सिलिंडरांत तेल मात्र तसेच उतरत असे, म्हणून बराच वेळ उभा असलेला रणगाडा सुरू करण्याआधी सैनिक मागच्या बाजूला हँडल लावून इंजिन हाताने कित्येक फेऱ्या फिरवत.